संध्याकाळची बैठक

वाचकहो, एक प्रश्न माझ्या दवाखान्यात नेहमी सर्वांत शेवटी विचारला जातो. रक्तदाब मोजून झालेला असतो, औषधे लिहून झालेली असतात, वृद्ध सासरे बाहेरच्या बाकावर बसून चपला पायात सरकवीत असतात, आणि सून पडद्याला हात लावून, आवाज खाली आणून विचारते, "डॉक्टरसाहेब, बाबा शनिवारी दोस्ताबरोबर बसायला जातात. जाऊ द्यावं की बंद करावं?" ‘बसणे’ या साध्या क्रियापदाला आपण मराठी माणसांनी जो जादा अर्थ चिकटवला आहे, तो तिला सांगावा लागत नाही आणि मलाही विचारावा लागत नाही. मुलगे हा प्रश्न सहसा काढीत नाहीत. त्यांच्यापैकी काही स्वतःच बसणारे असतात.

या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर मी देत नाही, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. एक दोस्त आणि दुसरा पेला. घरची मंडळी चिडून दोन्ही एकदम बंद करतात, आणि आजोबांना तर पेल्याशिवाय दोस्ती संभवतच नाही असे वाटत असते. ही गाठ सोडवता येते, असे माझे मत आहे.

मोठ्या शहरांत आता ‘वाइन बार’ नावाची ठिकाणे निघाली आहेत. आपल्या नांदुऱ्यात तसले काही माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे ‘वाइन शॉप’ असा ठळक फलक असतो आणि आत व्हिस्की, रम, बिअर यांच्या बाटल्या असतात. द्राक्षांची खरीखुरी वाइन शोधली तर एखाद्या वरच्या फळीवर धूळ खात सापडते. वास्तविक वाइन महाराष्ट्राला परकी राहिलेली नाही. नाशिक परिसरात तिचा मोठा उद्योग उभा आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती सुपरमार्केटात विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा केवढा गदारोळ उठला, हे आपणांस आठवत असेल. आपल्या गावात मात्र बसण्याची जागा म्हणजे ‘परमिट रूम’. हे नाव १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमातून आलेले. परवान्याखेरीज मद्य पिता येत नसे, आणि त्या काळी प्रकृतीच्या कारणासाठी म्हणूनही असे परवाने दिले जात. प्रकृतीसाठी मद्य! कायद्याच्या पुस्तकातील हा विनोद आजही कित्येक आजोबांच्या तोंडी गंभीरपणे ऐकू येतो: "थोडी घेतली की झोप चांगली लागते."

माझे एक स्नेही आहेत. वय अडुसष्ट, एसटी महामंडळातून निवृत्त. मी त्यांच्याहून बराच लहान. तरी ते मला ‘डॉक्टर’ आणि ‘तू’ असे एकाच वाक्यात म्हणतात. पत्नीच्या निधनाला तीन वर्षे झाली. मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला, आणि येथे चार खोल्यांचे घर व त्यात हे एकटे. गेल्या हिवाळ्यात एकदा म्हणाले, "डॉक्टर, तू एखाद्या दिवशी चाल ना माह्यासंगं. पिऊ नको, नुसता बस." मी गेलो. महामार्गालगतची जागा, हिरव्या जाळीचा आडोसा, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पलीकडे ट्रकांचा अखंड आवाज. लहान गावात डॉक्टर परमिट रूममध्ये शिरताना दिसला की दुसऱ्या दिवशी दवाखान्याआधी बातमी उघडते. तेवढी जोखीम मी पत्करली. मी लिंबू-सोडा मागवला. त्यांनी नाइंटी आणि मसाला पापड.

आम्ही दोन तास बसलो. जळगाव जामोदच्या रस्त्यावरची जुनी गाडी, पावसाळ्यात पूर्णेला पूर आला की दोन्ही काठांवर खोळंबणारे प्रवासी, शेगावच्या यात्रेच्या दिवसांत टपावर बसलेली माणसे मोजताना होणारी तारांबळ, हे सारे त्यांनी सांगितले आणि सांगताना ते दहा वर्षांनी लहान दिसले. पाणी ठेवायला आलेला पोरगा सहज म्हणाला, "काका, आज उशीर केला." त्या आठवड्यात त्यांना उशीर झाल्याची दखल घेणारा तो बहुधा एकटाच माणूस असावा. पुण्याहून रोज फोन येतो, मुलगा-सून मायेचे आहेत. पण फोनवर तीनच प्रश्न असतात: जेवलात का, गोळी घेतली का, झोप लागली का. "फोनवर मले गोळ्याच इचारतात," ते म्हणाले. "इथं कोनी गोळ्या नाई इचारत."

आता मी गोळ्या विचारल्या, हे ओघाने आलेच. पण त्याआधी एकाकीपणाविषयी थोडे सांगतो, कारण कुटुंबात त्याला आजार कोणी मानत नाही. उतारवयातील एकाकीपणा झोप, भूक, रक्तदाब, स्मृती या सर्वांवर हात टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये माणसामाणसांतील संबंध या विषयासाठी स्वतंत्र आयोग नेमला, तो उगाच नव्हे. म्हणून आठवड्यातून एकदा दोन तास दोस्ताबरोबर बसणे, हे माझ्या दृष्टीने औषधाच्या यादीत लिहावे असे आहे. ज्या घरात आजोबांची ही बैठक बंद केली जाते, तेथे बाटली पुष्कळदा कपाटात, कोठीत किंवा शेतातल्या खोपीत जाते आणि मग ते एकटे पितात. एकटे पिणाऱ्याला किती झाली हे सांगणारा समोर कोणी नसतो.

तर गोळ्या. पहिला घोट घेण्यापूर्वी त्यांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांचे पाकीट काढले, त्यातील एक पट्टी पाहिली आणि तशीच परत ठेवली. मी कारण विचारले. "ज्या दिवशी बसतो त्या दिवशी शुगरची नाई घेत. रिॲक्शन होते म्हनतात." आणि बाकीच्या? बाकीच्या घेतो. मी पाकीट मागून घेतले. त्यात मधुमेहाची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, रक्तदाबाची एक, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, हृदयासाठी अॅस्पिरिन, आणि पत्नी गेल्यानंतर कोणीतरी महिन्यासाठी लिहून दिलेली, पण तीन वर्षे चाललेली झोपेची अल्प्राझोलॅम. जिल्ह्याबाहेरच्या ज्या तज्ज्ञांकडे ते जातात, त्यांना शनिवारच्या बैठकीची कल्पना नव्हती. का? "त्यांनी इचारलंच नाई, आन् सुनेसमोर मी कसा सांगू?"

वाचकहो, हे शेवटचे वाक्य आपण नीट ध्यानात घ्यावे. ज्येष्ठ रुग्णाबरोबर मुलगा-सून आत येतात ते काळजीपोटीच. पण तपासणी झाल्यावर दोन मिनिटे बाहेर थांबावे आणि आजोबांना डॉक्टरांशी एकटे बोलू द्यावे. लाजेपोटी लपलेली ही एक गोष्ट कळली की अर्ध्या औषधांचा हिशेब बदलतो.

तो कसा बदलतो, ते पाहू. झोपेची गोळी आणि मद्य या दोहोंचे काम मेंदूला मंद करण्याचे. एकत्र आले की श्वासही मंदावू शकतो. त्या रात्री झोप ‘चांगली लागते’ असे वाटते, पण ती उथळ असते, पहाटे मोडते, आणि दुसऱ्या दिवशी डोके जड राहते. प्रोस्टेटची आणि रक्तदाबाची गोळी उभे राहताना दाब खाली आणू शकतात. मद्यही तेच करते. अॅस्पिरिनवर मद्य म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणावर दुहेरी मारा, आणि काळी शौचास झाली तर तो रक्तस्रावाचा इशारा. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर हिशेब आणखी नाजूक. आपल्या खारपाणपट्ट्यातील गावांत मूत्रपिंडाचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांचे औषधांचे माप आधीच दोरीवर चालल्यासारखे असते.

सर्वांत घातकी आहे ती मधुमेहाची जोडी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन साखर खाली ओढते. पोट रिकामे असते तेव्हा यकृत आपल्या साठ्यातून नवी साखर पुरवून तोल सांभाळते. मद्य आले की ते मद्य निस्तरण्यात गुंतते आणि हा पुरवठा आखडतो. आता आपल्याकडची रीत पाहा. आधी प्यायची, जेवण शेवटी. चकण्याला दोन शेंगदाणे. घरी आल्यावर ‘भूक नाही’ म्हणून सरळ अंथरूण. त्या रात्री साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. आणि साखर उतरलेल्या माणसाची लक्षणे कोणती? बोलणे अडखळते, तोल जातो, चिडचिड होते, घाम फुटतो, मग गुंगी. म्हणजे हुबेहूब दारू चढलेल्याची. घरचे म्हणतात, "झोपू द्या, सकाळी उतरेल."

असेच एक गृहस्थ एका सकाळी माझ्याकडे आणले गेले. रात्री नऊला आले, न जेवता झोपले. सकाळी सातपर्यंत हाका मारूनही उठले नाहीत. तोंडाला वास होता, त्यामुळे घरात काळजीपेक्षा शरम जास्त होती. ग्लुकोमीटरवर साखर ३४. शिरेतून ग्लुकोज गेले आणि काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडून पाणी मागितले. मुलाला वाटले, संपले, घरी न्यावे. तसे करायचे नसते. या गोळ्यांचा अंमल दीर्घ असतो, साखर पुन्हा घसरते; म्हणून निदान एक दिवस रुग्णालयात देखरेख लागते. ते वाचले. आणखी काही तास तसेच ‘झोपू दिले’ असते, तर मेंदूला कायमची इजा झाली असती किंवा त्याहून वाईट.

म्हणून घरात मधुमेही ज्येष्ठ असतील तर नियम सोपा ठेवावा. पिऊन आलेला माणूस विचित्र वागला वा उठेनासा झाला, तर आधी बोटातून साखर तपासावी, राग नंतर. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग जेवण द्यावे. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालू नये; कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. यंत्र घरात नसेल तर शंकेचा फायदा साखरेला द्यावा, दारूला नव्हे. म्हणजे दवाखाना गाठावा.

आता पेल्याचा हिशेब. तो चुकीचा केला जातो, कारण प्रत्येकाला आपली बाटली हलकी वाटते. साध्या व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा लहान पेग घेतला तर त्यात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. माझ्या स्नेह्यांची नाइंटी म्हणजे असे तीन. क्वार्टर म्हणजे सहा. "मी फक्त बिअर घेतो" असे सांगणारे आजोबा ‘स्ट्राँग’ बिअरची ६५० मिलिलिटरची पूर्ण बाटली रिचवतात, तिच्यात चार लहान पेगांइतके अल्कोहोल भरते. वाइनचा दीडशे मिलिलिटरचा एक पेला साधारण दीड पेगाच्या जवळ जातो. यकृत तासाला जेमतेम एक लहान पेग निस्तरते; लिंबू, कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. शिवाय वय वाढते तसे शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. मद्य त्या पाण्यातच पसरत असल्याने चाळिशीत सोसलेला तोच पेग सत्तरीत रक्तात अधिक दाट उतरतो. "मला सवय आहे" हे वाक्य खरे असले तरी ते जुन्या शरीराविषयीचे असते.

वाइन हृदयाला चांगली, हे वाचकांपैकी अनेकांनी कोठेतरी वाचलेले आहे. माझ्याकडे काही जण कात्रण घेऊनही येतात. थोडी पिणाऱ्यांची तुलना न पिणाऱ्यांशी केली तेव्हा पिणारे निरोगी आढळले. पण न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे सोडलेलीही माणसे होती, हे पुढे ध्यानात आले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही. कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात तर मद्य १९८८ पासून आहे. द्राक्षे खावीत. आरोग्यासाठी म्हणून कोणी प्यायला सुरुवात करू नये.

बैठकीनंतरची रात्रही सांभाळावी लागते. मद्याने लघवी वाढते, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला ती सुटत नाही. बिअरनंतर पोट फुगून मध्यरात्री तळमळत आलेले वृद्ध प्रत्येक डॉक्टरने पाहिलेले असतात. ज्यांना सुटते ते तीनदा उठतात, अंधारात, दाब खाली गेलेला, फरशी ओली. मांडीचे हाड मोडते ते येथे. म्हणून त्या रात्री पलंगापासून संडासापर्यंत दिवा जळता ठेवावा, आणि उठताना आधी काठावर मिनिटभर बसण्याची सवय लावावी. डोके आपटले असेल तर जखम नसली तरी ती तारीख लिहून ठेवा. उतारवयात मेंदू किंचित आक्रसलेला असतो, त्याभोवतीच्या शिरा ताणलेल्या असतात. त्यांतून रक्त हळूहळू झिरपत राहते आणि लक्षणे दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. चालताना एका बाजूला झोक, हातातून वस्तू गळणे, सुस्ती, बोलण्यात घोळ. घरचे याला ‘आता वय झाले’ म्हणतात. सी.टी. स्कॅनमध्ये ते दिसते आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली तर माणूस पुष्कळदा पूर्ववत होतो.

मग बैठकीचे काय? ज्यांना यकृताचा आजार, फिट्स, हृदयाची अनियमित लय, विस्मृती, वारंवार पडणे किंवा नैराश्य आहे, जे झोपेच्या गोळ्या, इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेतात, त्यांचा पेला शून्यच असावा, यात मी तडजोड करीत नाही. बैठक मात्र राहू द्यावी. दोस्ताला घरी बोलवावे. ओट्यावर चहा आणि भजी, किंवा उन्हाळ्यात पन्हे. मुलांनी तेव्हा आतल्या खोलीत जावे. त्यांच्या गप्पांत शिव्या असतील, जुनी भांडणे असतील, ती तशीच असू द्यावीत. ज्यांचे ओट्यावर मन रमत नाही, त्यांनी परमिट रूममध्येच लिंबू-सोडा मागवावा. मी दोन तास तो पिऊन पाहिला आहे, कोणी हसले नाही. पोरगा मात्र दोनदा विचारून गेला.

इतरांनाही मी ‘घ्या’ असे म्हणणार नाही. पण डॉक्टरांच्या कानावर घालूनही जे घेणारच आहेत, त्यांनी आधी भाकरी-भाजीचे पूर्ण जेवण करावे, एका लहान पेगावर थांबावे, गोळी स्वतःच्या मनाने बंद वा चालू करू नये, आणि दुचाकी घरी ठेवावी. महामार्ग ओलांडून रात्री गावात शिरणे धडधाकट माणसालाही जड जाते. दोस्ताच्या मोबाइलमध्ये घरचा क्रमांक असावा आणि आपल्याला कोणत्या गोळ्या चालू आहेत हे त्याला ठाऊक असावे. माझ्या स्नेह्यांची झोपेची गोळी त्यांच्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी करीत बंद केली. पेल्यावरून आमची अजून वादावादी चालते.

जे रोज पितात त्यांची गोष्ट निराळी. त्यांची दारू घरच्यांनी एका दिवसात तोडू नये. शरीराला सवय झालेली असते. अचानक थांबले की हात कापणे, घाम, फिट, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊ लागतात. भिंतीवर मुंग्या दिसतात, गेलेली माणसे बोलावतात, आणि लोक अंगारे-धुपारे करीत बसतात. उतारवयात हे जिवावर बेतते. सोडवणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. ‘रुग्णाच्या नकळत अन्नातून द्या’ अशी जाहिरात असलेली पुडी तर घरात आणूच नये. अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकते. त्यावर मद्य गेले की छाती धडधडते, दाब कोसळतो, आणि हृदयविकार असलेल्या वृद्धाचा अंत होऊ शकतो. ज्याला सोडायची आहे त्याला सांगून, त्याच्या संमतीने उपचार होतात. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करीत आहे आणि १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर जवळच्या केंद्राची माहिती मिळते.

आणि एक. असे रोज पिणारे ज्येष्ठ हाड मोडून, मोतीबिंदूसाठी किंवा तापाने रुग्णालयात दाखल झाले, तर ‘किती आणि शेवटची केव्हा घेतली’ हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. बाजूला घेऊन सांगितले तरी चालते. पाहुण्यांसमोर सांगण्याची गरज नाही.